डोकं वापरल्यानं झिजतं का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"डॉक्टर, मी डोंबिवलीला राहते. वय ४७, फोर्टात नोकरी. आई ७२ वर्षांची, महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. लालबागला भावाकडे असते. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. गेले सात-आठ महिने आई तेच तेच विचारते, भाजीत दोनदा मीठ पडतं. मागच्या महिन्यात माझ्याकडे यायला निघाली आणि दादरला तासभर बाकावर बसून राहिली. शेवटी एका कॉलेजच्या मुलीनं आईच्याच फोनवरून मला फोन लावून दिला. तेव्हापासून भावानं तिचं सगळं बंद केलंय. भजनी मंडळ नाही, शब्दकोडी नाहीत, स्वयंपाक नाही. त्यानं एका व्हिडिओत पाहिलं की मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तिथेच अल्झायमरचं विष साठतं, म्हणून आईच्या डोक्याला ताण नको. मी तर उलटं ऐकलं होतं. रात्री तिला झोप लागत नाही, म्हणून भाऊ औषधाच्या दुकानातून एक गोळी आणून देतो. आजीलाही शेवटी कुणी ओळखू येत नव्हतं. आणि खरं सांगू, मला माझीही भीती वाटते. मी साडेबाराला पाठ टेकते, पावणेपाचला उठते."

ताई,

आईंचं भजनी मंडळ याच आठवड्यात पुन्हा सुरू करा. कारणं पुढे सविस्तर सांगते, पण कामाच्या धबडग्यात शेवटपर्यंत वाचणं झालं नाही तरी एवढं पोचायला हवं, म्हणून आधी लिहिलं.

भावावर रागावू नका. त्यानं ऐकलं ते कुणी मनचं रचलेलं नाही. अल्झायमरमध्ये मेंदूत अमायलॉइड बीटा नावाच्या प्रथिनाचे थर साठतात. २००५ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या संशोधकांनी उंदरांमध्ये दाखवलं की चेतापेशींचं काम वाढवलं की पेशींभोवतीच्या द्रवात हे प्रथिन वाढतं, काम मंदावलं की घटतं. २०११ मध्ये तिथल्याच संशोधकांनी उंदराच्या एका बाजूच्या मिशा कापून पाहिल्या. उंदीर मिशांनी जग चाचपत असतो. कापलेल्या मिशांची खबर घेणारा मेंदूचा भाग शांत झाला आणि तिथे अमायलॉइड कमी साठलं. व्हिडिओवाल्यानं बहुधा हेच कुठेतरी वाचलं असावं आणि भावानं त्यातून सरळ अर्थ काढला: आईचं काम काढून घ्यावं, म्हणजे साठणार नाही. पण त्या उंदराचं अमायलॉइड कमी झालं तसं त्याचं जगही कमी झालं, हे व्हिडिओत कुणी सांगितलं नसणार.

खरी गोम पुढेच आहे. मेंदूचा नेमका कोणता भाग 'जास्त काम' करतो? २००१ साली मेंदूशास्त्रज्ञ मार्कस रेकल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका विलक्षण जाळ्याचं वर्णन केलं. माणूस स्कॅनरमध्ये काहीही न करता नुसता पडून असतो, तेव्हा मेंदूतले काही ठरावीक भाग जोरात चालू असतात. त्याला एखादं काम दिलं की ते मागे सरतात. आपण खिडकीशी बसून जुन्या गोष्टी आठवतो, उद्याची काळजी करतो, मनातल्या मनात कुणाशी बोलतो, तेव्हा हे जाळं जागं असतं. सुईत दोरा ओवायला घेतला, शब्दकोड्यातला आडवा शब्द शोधायला लागलो, की ते मंदावतं. आणि अल्झायमरच्या रुग्णांमध्ये अमायलॉइड जिथे सर्वांत जास्त दिसतं तो नकाशा या जाळ्याच्या नकाशावर बराचसा तंतोतंत बसतो. हे २००५ मध्ये दिसून आलं.

आता आईंचा हल्लीचा दिवस डोळ्यांपुढे आणा. कोडं नाही, टाळ नाही, विळी नाही. दिवसभर खुर्ची आणि खिडकी. ज्या भागाला विश्रांती मिळावी असं भावाला वाटतं, त्यालाच त्यानं पूर्णवेळ कामाला लावलंय. (यावरून विचार करत बसल्यानं अल्झायमर होतो, असा अर्थ मात्र काढू नका. तसं कुणीही सिद्ध केलेलं नाही, आणि नवरा गेलेल्या बाईनं त्याची आठवण काढत बसणं हा काही आजार नव्हे.)

निरोगी मेंदूत हे जाळं दिव्याच्या बटणासारखं चालू-बंद होत राहतं. २००९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी वृद्ध माणसांना चेहरा आणि नाव अशा जोड्या लक्षात ठेवायला दिल्या. ज्यांच्या मेंदूत अमायलॉइड साठलेलं होतं, त्यांच्यात हे जाळं मागे सरायला हवं तेवढं सरत नव्हतं. आणि या लोकांना डिमेन्शिया, म्हणजे रोजचं जगणं अवघड करणारा विस्मरणाचा आजार, झालेला नव्हता. म्हणजे विसर पडू लागण्याच्या आधीपासूनच मेंदूच्या कामाची लय बिघडू लागते.

दुसरा बिघाड आठवणींच्या दाराशीच होतो. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा छोटासा भाग नव्या आठवणी जमवतो. आजार वाढल्यावर तो सुकतो हे खरं, पण सुरुवातीच्या काळात तो मंद होण्याऐवजी जादाच धावतो. चेतापेशींना आवरणाऱ्या, ब्रेक लावणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात आणि बाकीच्या उगाच पेटत राहतात. संध्याकाळी सातच्या सुमाराला दादरच्या पुलावर उभं राहून आपल्या गाडीची घोषणा ऐकायचा प्रयत्न करा: आवाज भरपूर, कळत काहीच नाही. मेंदूच्या त्या कोपऱ्यात तसं काहीसं होत असावं. २०१२ साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सौम्य विस्मरण असलेल्या लोकांना फिट्सवरचं एक औषध अगदी कमी मात्रेत देऊन पाहिलं. हिप्पोकॅम्पसची जादा धावपळ कमी झाली आणि स्मरणाची चाचणी सुधारली. औषधाचं नाव मुद्दामच लिहीत नाही. तो थोड्या लोकांवरचा, थोड्या दिवसांचा प्रयोग होता आणि मला उद्या कुणी दुकानात जाऊन ती गोळी मागायला नकोय.

हे एक दुष्टचक्र आहे. अमायलॉइडमुळे पेशी चेकाळतात, आणि चेकाळलेल्या पेशी आणखी अमायलॉइड सोडतात. टाऊ हे दुसरं प्रथिन, ज्याच्या गुंत्यांनी पेशी प्रत्यक्ष मरतात, तेही पेशींच्या जोडण्यांच्या वाटेनंच मेंदूभर पसरतं असं दिसतंय. पण 'वापरलं म्हणून झिजलं' असा याचा अर्थ होत नाही. धोका आवरता न येणाऱ्या धावपळीत आहे आणि न मिळणाऱ्या झोपेत आहे. शब्दकोड्यात नाही.

झोपेचं तुमच्यासाठीही सांगायचंय, थोडं थांबा. आधी दादर.

तुम्ही लिहिलंय की आई दादरला गोंधळल्या. ९ डिसेंबर २०२३ पासून दादरच्या मध्य रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक बदलले, १ पासूनचे जाऊन ८ ते १४ आले. पाय ज्यांना वाट दाखवत होते असे कितीतरी जण त्या दिवसांत तिथे पाटीकडे बघत उभे होते. तेव्हा नुसतं दादरला चुकणं म्हणजे अल्झायमर नव्हे. पण त्यानंतर आई तुमच्याकडे एकट्या किती वेळा व्यवस्थित आल्या, ते आठवून लिहून काढा. चार-पाच वेळा नीट येऊन आता चुकल्या असतील, तर गोष्ट वेगळी. आणि मला खटकतंय ते दुसरंच. जन्मभर वर्गापुढे उभी राहून बोललेली बाई तासभर गप्प बसून राहिली, कुणाला विचारलं नाही, फोन काढला नाही. ओळखीच्या जागी दिशा हरपणं ही अल्झायमरची लवकरची खूण असू शकते. टाऊचे गुंते हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या ज्या पट्ट्यात आधी दिसतात, तिथेच जागेचं भान ठेवणाऱ्या पेशी आहेत. त्यांच्या शोधाला २०१४ चं नोबेल मिळालं. म्हणून दादरची गोष्ट मी वाऱ्यावर सोडणार नाही. तुम्हीही सोडू नका.

याचा अर्थ आईंना अल्झायमर आहे असा नाही. ७२ व्या वर्षी विसर पडण्याची डझनभर कारणं असतात आणि त्यातली काही दुरुस्त होतात. बी-१२ कमी असणं, विशेषतः शाकाहारी घरांत. थायरॉइड. रक्तातलं सोडियम. मोतीबिंदू. कमी ऐकू येणं. पतीच्या जाण्यानंतर आलेलं आणि कुणाच्या लक्षात न आलेलं नैराश्य. आणि गोळ्या! रात्रीच्या त्या गोळीचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही, पण झोपेच्या आणि सर्दी-ॲलर्जीच्या कितीतरी गोळ्या म्हाताऱ्या माणसाचं डोकं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत धुकट ठेवतात. रोज चालू असेल तर एकदम तोडू नका, त्यानंही त्रास होतो. पण चिठ्ठीशिवाय नवी स्ट्रिप आणणं आजपासून बंद. मला तर वाटतं, दिवसभर रिकामं बसवल्यामुळे दुपारी डुलक्या, डुलक्यांमुळे रात्री झोप नाही, झोप नाही म्हणून गोळी आणि गोळीमुळे आणखी विसर, असा फेरा तुमच्या घरात सुरू झालाय.

केईएम आईंच्या घरापासून फार लांब नाही. तिथे किंवा नायर, सायन, जेजे, जिथे सोयीचं पडेल तिथे न्यूरॉलॉजीच्या ओपीडीला दाखवा. एक दिवस रजा टाका, भावालाही सोबत घ्या. डॉक्टरांचं बोलणं त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकायला हवं. केसपेपरच्या रांगेत उभं राहायचं काम त्याच्याकडे द्या, तुम्ही आईंजवळ बसा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स एका पिशवीत घालून न्या, संपलेल्यासुद्धा. आणि एका कागदावर तारखांसह प्रसंग लिहा. 'हल्ली विसरते' यातून डॉक्टरला फार काही कळत नाही. 'गॅसवर दूध ठेवून खाली गेली, परत आल्यावर दूध ठेवल्याचंच आठवेना' यातून पुष्कळ कळतं.

आणखी एक बघा. आई बोलता बोलता मध्येच मिनिटभर शून्यात बघतात, ओठ किंवा हात चाळवतात, मग काही झालंच नाही अशा पुढे चालू होतात, असं कधी घडलंय का? अल्झायमरच्या सुरुवातीच्या काळात काही जणांना दिसायला अजिबात फिट न वाटणाऱ्या फिट्स येतात. २०१७ मध्ये दोन रुग्ण स्त्रियांच्या हिप्पोकॅम्पसजवळ बारीक तारा सोडून नोंद घेतली, तेव्हा अशा फिट्स सापडल्या, बहुतेक झोपेत. डोक्यावर तारा चिकटवून मेंदूतल्या विजेची नोंद घेणाऱ्या नेहमीच्या ईईजी तपासणीत त्यांचा पत्ताच लागत नव्हता. असं काही दिसलं असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा, ईईजी करायचा की नाही ते ठरवतील. मात्र 'ब्रेन मॅपिंग'च्या नावाखाली कुणी पॅकेज विकत असेल, किंवा ठरावीक वेगानं लुकलुकणारा दिवा लावून स्मरणशक्ती परत आणतो म्हणत असेल, तर तिकडे पैसे घालू नका. त्या दिव्याच्या प्रयोगांची सुरुवात २०१६ मध्ये उंदरांवर झाली, दुसऱ्या एका प्रयोगशाळेला पुढे तसा परिणाम मिळाला नाही, आणि माणसांत अजून काही पक्कं ठरलेलं नाही.

आता स्वयंपाकघर. इथे मला माझ्या घरचं सांगायचंय. माझ्या वडिलांना विसर पडू लागला, तेव्हा मी तिशीत होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्यांच्याकडून बँकेचं पासबुक, बाजाराची पिशवी, सगळं काढून घेतलं, त्यांनी आराम करावा म्हणून. नंतर मला दिसायचं, ते दुपारी पलंगावर बसून रिकामी कापडी पिशवी उघडायचे, आत हात घालून तळ चाचपायचे, घडी घालायचे, परत उघडायचे. ती घडी त्यांनी इतकी नीट घातलेली असायची. मला तेव्हा कळलं नाही. आज कळतं, आणि फार वाईट वाटतं.

म्हणून विळी परत द्या. चाळीस-पन्नास वर्षं भाजी चिरलेल्या हातांची आठवण हिप्पोकॅम्पसच्या भरवशावर नसते, ती मेंदूत वेगळ्या ठिकाणी मुरलेली असते आणि बराच काळ टिकते. मीठ दोनदा पडतं ना? मग मीठ सून किंवा नात घालेल. गॅसजवळ कुणीतरी असेल. बाहेर जाताना सिलिंडरचा नॉब भाऊ बंद करेल. पण चिरणं, निवडणं, पोळ्या लाटणं त्यांचंच. भजनाला शेजारची कुणी घरापासून घरापर्यंत सोबत करेल का, ते विचारा. लालबागच्या चाळीत अशी बाई मिळणार नाही असं होत नाही. पर्समध्ये नाव, पत्ता आणि दोघा भावंडांचे नंबर लिहिलेला कागद ठेवा.

भजनाचा मी एवढा हट्ट का धरते? कारण त्यात सगळंच आहे. आधीचा सूर ऐकून पुढची ओळ उचलायची, टाळाचा ठेका धरायचा, समोरच्या चेहऱ्यांची नावं, येताजाता चालणं, मधल्या वेळातल्या गप्पा. २०१३ साली हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन किंवा जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झालेली दिसली, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांतसुद्धा. भाषांची ये-जा करताना मेंदू सतत एक वाट दाबतो, दुसरी उघडतो. तो ब्रेक कामात राहतो, असं मानतात. आजार त्यामुळे नाहीसा झाला नाही, लक्षणं लांबली. पण साडेचार वर्षं म्हणजे नातवाची पहिलीपासून पाचवीपर्यंतची शाळा. शेजारच्या गुजराती काकूंशी आई गुजरातीत बोलत असतील तर ते थांबवू नका.

आणि त्यांची परीक्षा घेऊ नका. "आई, आज वार कोणता? सकाळी काय खाल्लंस सांग बघू?" हे बहुतेक घरांत प्रेमापोटी चालतं. ज्या बाईनं आयुष्यभर मुलांच्या परीक्षा घेतल्या, तिला रोज सकाळी स्वतःच्या घरात नापास व्हायला लावू नका. त्यापेक्षा कालनिर्णयाखाली त्यांच्याकडूनच दुधाचा हिशेब मांडून घ्या. कान तपासून घ्या, मशीन लागलं तर वापरायला लावा. रक्तदाब, साखर ताब्यात ठेवा. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात डिमेन्शियाचे बदलता येण्याजोगे १४ धोके मांडलेत. कमी ऐकू येणं, रक्तदाब, मधुमेह, नैराश्य, एकटेपणा, सगळे त्यात आहेत. त्या सगळ्यांचा मिळून जगातल्या डिमेन्शियात सुमारे ४५ टक्के वाटा धरला आहे.

आता तुम्ही.

आजीला उतारवयात हा आजार झाला असेल तर तुमचा धोका थोडा वाढतो, पण ती काही ठरलेली तारीख नव्हे. जनुकांची तपासणी करायला धावू नका. तुमच्या पत्रात मला आजीपेक्षा जास्त काळजी वाटली ती साडेबारा आणि पावणेपाच या दोन आकड्यांची. सव्वाचार तास. जागेपणी मेंदूतलं अमायलॉइड चढतं आणि झोपेत उतरतं, हे २००९ पासून माहीत आहे. २०१८ मध्ये अमेरिकेत २० निरोगी माणसांना एक रात्र जागं ठेवून स्कॅन केलं, तर हिप्पोकॅम्पसच्या परिसरात ते सुमारे ५ टक्के वाढलेलं दिसलं. एका रात्रीनं काही बिघडत नाही. पण ब्रिटनमधल्या जवळपास ८,००० कर्मचाऱ्यांचा २५ वर्षं माग काढला, तेव्हा पन्नाशी, साठी आणि सत्तरीतही सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांना पुढे डिमेन्शिया होण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी जास्त आढळलं. तुमची पन्नाशी अजून तीन वर्षं लांब आहे, म्हणजे वेळ हातात आहे.

घरात आणखी कोण आहे, ते तुम्ही लिहिलं नाहीत. जे कुणी आहेत त्यांना सकाळचा एक डबा भरता येतो. भाजी रात्री चिरून ठेवता येते, आणि ती तुम्हीच चिरली पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. रात्रीची शेवटची भांडी सकाळी घासली तरी चालतात. लोकलमधली डुलकी मोजू नका, ती उभ्या-बसल्याची ग्लानी. मला तुमचे सहा-सात तास सलग हवेत, आणि ते मागताना घरात अपराधी वाटून घेऊ नका. घोरणं, मध्येच दचकून गुदमरल्यासारखं जाग येणं असं काही असेल तर तेही दाखवून घ्या, तुमचं आणि आईंचंही.

केईएमचा नंबर लागेपर्यंत एक करा. पुढच्या वेळी आईंना डोंबिवलीला आणायला स्वतः लालबागला जा. करी रोडला दोघी स्लोमध्ये चढा, दादरला उतरा, आणि जिन्यापाशी आल्यावर एक पाऊल मागे राहा. पाटी त्यांना वाचू द्या, फलाट त्यांना शोधू द्या. त्या थांबतील, तुमच्याकडे वळून बघतील, कदाचित उलट्या बाजूला दोन पावलं जातील. लगेच हात धरून ओढू नका. एखादी फास्ट सुटली तर सुटू द्या.